झाड नाही म्हणालं तर

“तात्या, झाड नाही म्हणालं तर?”

गणूतात्या आमच्या अंगणात बसून पायात चाळ बांधत होते. माझा प्रश्न ऐकला आणि त्यांच्या हातातली दोरी तिथल्या तिथे थांबली. बाजूला संकासुराच्या काळ्या झग्याला कुणीतरी ठिगळ लावत होतं, ते फिसकन हसलं. अंगणाच्या दगडी गडग्याआड लपलेल्या माझ्या वर्गातल्या ऋणाली आणि अस्मीची डोकी तेवढी खाली गेली.

पैज त्या दोघींचीच. मधल्या सुट्टीत मला डिवचलं होतं, की तालुक्याला वक्तृत्वात पहिली आले म्हणून मिरवतेस, तर शिमग्यात नाचणाऱ्या खेळ्यांच्या म्होरक्याला, तात्यांना, एवढं विचारून दाखव. नाही विचारलंस तर वार्षिक परीक्षेपर्यंत आमची दप्तरं तू उचलायचीस. मी तेव्हा नववीत होते. त्याआधीची मी म्हणजे पाहुणे आले की आईच्या पदराआड जाणारी प्रांजल. पण ढाल हातात आली, टाळ्या पडल्या आणि पोपटाला कंठ फुटावा तशी मी बोलायला लागले ती लागलेच. शाळेत, एसटीत, विहिरीवर, कुणी विचारो न विचारो. आई म्हणायची, हिच्या तोंडाला बूच नाही राहिलं.

तर प्रश्न असा का, ते सांगायला हवं. आमच्या वाडीत शिमग्यात झाड जागवतात. होळी पेटली, पालखी नाचली, की दुसऱ्या दिवशी सकाळी खेळे आंब्याच्या बागेत शिरतात. ज्या कलमाने फळणं सोडलंय त्याच्याभोवती रिंगण धरतात. पायात चाळ, हातात टिपऱ्या, पुढे चाबूक फिरवत संकासुराचं सोंग. ढोल असतोच, शिवाय पत्र्याचे डबे, ताटं, जे हाताला लागेल ते बडवायचं, म्हणजे झाडात काही वाईट बसलं असेल तर त्याने पळ काढावा. मुळाशी माडी ओतायची. माडीत बुडवलेलं घावन बेचक्यात ठेवायचं, त्यासाठी एका पोरीला वर चढवायचं. मग झाडाचा मालक कुऱ्हाड उगारतो आणि तात्या तीनदा विचारतात, “फळशील, की तोडू?” आणि झाड बोलतं.

झाड म्हणजे झाडामागे उभी केलेली बाई. न फळणाऱ्या झाडासाठी रिकाम्या ओटीची बाई, असा नेम. तिने तीनदा ‘फळेन’ म्हणायचं. मग बायका तिच्या ओटीत नारळ घालणार, दोघांचं एकदमच सुटू दे म्हणून. याला मान म्हणतात. गेल्या वर्षी तो मान आमच्या दर्शनाकाकीला मिळाला होता. ती इतकी हळू बोलली की तिला परत परत म्हणायला लावलं. आणि झाडाचा मोहोर यंदाही काळा पडून गळला, म्हणून मान पुन्हा तिचाच.

तात्या आधी हसले. म्हणाले, झाड कधी नाही म्हणत नाही, पोरी. मी म्हटलं, पण समजा म्हणालं. परीक्षकांसमोर उभी राहते तशी मी हात मागे बांधून उभी होते. तात्यांनी चाळाची गाठ मारली.

“तर तोडायचं. उगारलेली कुऱ्हाड रिकामी घरी नेत नाहीत. पण माझ्या बापाने विचारलं, आता मी विचारतोय. अजून कुठलं झाड नाही म्हणालेलं नाही.”

गडग्याआडून अस्मीने अंगठा दाखवला. मी जिंकले होते. आईने पडवीतून हाक मारली आणि फार शहाणपणा झाला असेल तर बागेत जाऊन काकाला हातभार लाव म्हणून पिटाळलं.

बाग संदेशकाका बघायचा. बाबा त्याचे थोरले भाऊ, पण ते ग्रामपंचायतीचे सदस्य, त्यांचा वेळ वाडीच्या भानगडी निस्तरण्यात जायचा. काका मात्र सकाळी बागेत शिरला की जेवायलाच बाहेर यायचा. त्या दुपारी तो खराट्याने पातेरा ओढत होता. आंब्याची वाळकी पानं कलमांखालून ओढून ढीग करायचे, ती मग भाताची रोपं करायच्या तरव्यात भाजायला जातात. काकाच्या हाताला असं वळण की त्याने झाडलेल्या जागेवर पान मांडून जेवावं.

फक्त उताराकडच्या जुन्या कलमाखाली, खालच्या अंगाला, पाटाएवढी एक जागा तशीच होती. पानावर पान साचलेलं. मी खराटा घेऊन तिकडे वळले, तर काकाने तो मधेच धरला.

“तेवढं असू दे.”

मला वाटलं, मुंग्यांचं वारूळ असेल. त्या कलमाशी काका रुसलेला आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पावसाच्या तोंडावर बाकीच्या कलमांना आळी करायचा, शेणखत घालायचा, मोहोराला फवारणी करायचा. याला काही नाही. बाबा विचारायचे तेव्हा म्हणायचा, आधी ते फळू दे, मग बघू. मग बाबाही गप्प बसायचे.

त्याने फळणं सोडलं त्याच वर्षी आमची मनू गेली होती. मनू म्हणजे काका-काकीची मुलगी. नुकती चालायला लागली होती, माझ्या फ्रॉकचं टोक धरून घरभर फिरायची आणि मी थांबले की धपकन बसायची. ताप आला आणि गेली. मी मामाकडे होते. परत आले तेव्हा पाळणा माळ्यावर चढवलेला. एवढ्या लहानांना जाळत नाहीत, पुरतात. पुरुष नेतात, बायकांनी जायचं नसतं, आणि कुठे ठेवलं ते आईला सांगायचं नसतं, म्हणजे तिचे पाय तिकडे वळत नाहीत. मला सांगितलं होतं, वहाळापलीकडे, ओढ्याच्या त्या अंगाला. वाडीतल्या बायका काकीला धीर द्यायला यायच्या तेव्हा म्हणायच्या, पोरगीच तर होती, होईल दुसरं.

काकी त्या दिवशी ढिगाशी बसून टोपल्या भरत होती. मला भाषणाची सगळी तयारी तिनेच करून घेतलेली. विहिरीच्या काठावर मला उभं करायची आणि स्वतः कपडे धूत ऐकायची. मी फार आवेशात आले की म्हणायची, हात कमी हलव गो, परीक्षकांना वारा घालतेयस का? मनू गेल्यावर तिचं हसणं माझ्यापुरतंच उरलं होतं, असा माझा समज होता आणि मला त्याचा गर्वही होता. म्हणून मी पैजेची गोष्ट तिला रंगवून सांगितली. तात्यांची नक्कल केली. ती हसली नाही. टोपली भरायची थांबली.

“मग काय म्हणाले तात्या?”

तोडायचं म्हणाले, मी सांगितलं. उगारलेली कुऱ्हाड रिकामी नेत नाहीत.

“हं,” ती म्हणाली. “म्हणजे नाही म्हणता येतं.”

मग पुन्हा पानं भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी घावन ठेवायला मलाच चढवलं. कोणाला चढवायचं यावर थोडी घासाघीस झाली, पण ढाल मी आणलेली होती. बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी बेचक्यात पाय रोवला. वरून सगळं दिसत होतं. बाकीच्या कलमांना सुपारीएवढ्या कैऱ्या लटकलेल्या, आणि मी बसले होते त्याच्या डहाळ्यांना काळे वाळके तुरे. खाली खेळ्यांचं रिंगण. धुरळा उडत होता, टिपऱ्या एकमेकींवर आपटत होत्या, चाळांचा आवाज एका लयीत खाली-वर होत होता. संकासूर खोडावर चाबूक मारायचा आणि पोरं किंचाळत मागे सरायची. घावनातली माडी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. मला इतकं बरं वाटत होतं की खाली उतरायचं मी विसरले, आणि मला उतरवायचं बाकीचे विसरले.

काकी झाडामागे उभी होती. बरोबर माझ्याखाली. मला तिचा भांग दिसत होता आणि तिचे पाय. चपला तिने लांब काढून ठेवल्या होत्या. त्या पाटाएवढ्या पानांवर तिने पाय दिला नव्हता. अगदी कडेला, अंग चोरून उभी होती, जशी कुणी झोपलेल्याच्या अंथरुणाशी उभी राहते.

ढोल थांबला. काकाने कुऱ्हाड उगारली. तात्यांनी आवाज लावला.

“फळशील, की तोडू?”

झाडामागून काही आलं नाही. बायका कुजबुजल्या, लाजते. तात्यांनी घसा खाकरून पुन्हा विचारलं.

“नाही.”

दोघी-तिघी हसल्या. त्यांना वाटलं, चुकली. रखमाबाई, जिने गेल्या वर्षी काकीला परत परत म्हणायला लावलं होतं, ती म्हणाली, “आवाज फुटला बरं एकदाचा.” तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी काकाकडे पाहिलं, मग बाबांकडे. मी वर होते म्हणून मला दिसलं, तिघांची नजर एकाच ठिकाणी खाली गेली आणि लगेच उचलली गेली. तात्यांनी तिसऱ्यांदा विचारलं ते जवळपास विनवल्यासारखं.

“नाही फळणार,” काकी म्हणाली. विहिरीवर मला शिकवायची तसं, शब्द सुटा करून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

काकाचे हात हळूहळू खाली आले. त्याने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. तात्या म्हणाले, बाई भ्यायली आहे, परत विचारू.

“तीनदाच विचारतात ना, तात्या?” काकी झाडामागूनच म्हणाली.

मग कुजबूज वाढली. नेम मोडला तर वाडीला भोवेल, यंदाचा आंबा जाईल, सदस्यांच्याच घरातून असं व्हायला लागलं तर बाकीच्यांनी काय करायचं. बाबांनी काकाला म्हटलं, उचल. काका उभाच. बाबांनी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ते झाडाशी आले, हात वर केले, मला कमरेला धरून अलगद खाली उतरवलं. माझ्या मनगटावरची माडी स्वतःच्या सदऱ्याला पुसली. आणि त्याच हातांनी कुऱ्हाड उचलली.

पहिला घाव बसला तेव्हा चीक उडाला. काकी झाडामागून पुढे आली. रडत नव्हती. पदर खांद्यावरून घट्ट घेतला होता.

“दादा, वरचं काय ते न्या,” ती बाबांना म्हणाली. “मुळं खणू नका. मनू आहे तिथे.”

एका खेळ्याने पाय हलवला असेल, चाळ किणकिणले. तेवढाच आवाज. मी त्या पानांकडे पाहिलं. मी आदल्या दिवशी तिथे खराटा घेऊन गेले होते.

काका म्हणाला, “तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच.” काकीने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या माणसांत ती त्याच्याशी असं समोरासमोर बोलताना मी पहिल्यांदा पाहत होते. “सगळी बाग झाडता. तेवढं सोडून. कुदळ लागेल म्हणून आळं करत नाही, खत घालत नाही. उपाशी ठेवलेलं झाड फळेल कसं? आणि विचारतात मला.”



मला वाटलं, आता संपलं. आता सगळे घरी जातील, बाबा कुऱ्हाड टाकतील. कुणीतरी म्हणालं, घाव पडला आहे, अर्ध्यावर झाड सोडत नाहीत. कोण म्हणालं ते मला आजही माहीत नाही. बाबांनी मान वर केली नाही. दुसरा घाव घातला. मग तिसरा. जुनं कलम होतं, वेळ लागला. आधी बायका गेल्या, मग खेळे गेले, चाळ हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून. ओटीत घालायचे नारळ टोपलीतच राहिले. आई मला ओढत होती, मी जात नव्हते.

झाड पडलं तेव्हा ते उताराच्या वरच्या अंगाला पडलं. बाबांनी तेवढं जपलं होतं. पण त्या जागेवर ढलप्यांचा सडा पडला होता. काकी खाली बसली, एकेक ढलपी वेचून बाजूला केली आणि काकाने ओढलेल्या ढिगातून ओंजळभर पानं आणून वर पसरली. बाबा तिच्या मागे कुऱ्हाड धरून उभे होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. कुणी त्यांना बस म्हणालंही नाही.

दुपारी काकी पिशवी भरत होती. तिचं माहेर लांज्याला. मी दारात उभी राहून विचारलं, की फळेन म्हटलं असतंस तर झाड राहिलं असतं ना. बोलायला किती, एक शब्द. गेल्या वर्षी म्हटलाच होतास.

“गेल्या वर्षी मला ठाऊक नव्हतं ती कुठे आहे.” तिने मनूचं टोपडं पिशवीत घातलं, मग काढून कमरेला खोचलं. “आता तिच्या उशाशी उभं राहून दुसरं मागू? आणि झाड राहिलं असतं म्हणजे पुढच्या शिमग्याला परत. त्याच्या पुढच्या परत.”

तिने माझ्या मनगटाला लागलेला माडीचा चिकटा ओल्या पदराने पुसला आणि म्हणाली, अभ्यास कर. संध्याकाळच्या एसटीने ती गेली. काका तिला पोचवायला गेला आणि चार दिवसांनी एकटाच आला.

ती परत आली नाही. काका मधूनमधून जातो, राहतो, येतो. घरात तिचं नाव घ्यायला बंदी नाही, पण कुणी घेत नाही. बुंध्याला पुढच्या पावसाळ्यात फुटवे आले. ते कलमाच्या सांध्याखालून आलेले, रायवळ आंब्याचे, हापूसचे नव्हेत. तरी वाडीत म्हणायला लागले, बघा, कुऱ्हाड लागू पडली, झाड भ्यायलं.

मागच्या शिमग्याला कुणी झाड जागवायचा विषय काढला नाही. यंदा मी अकरावीला आहे. काल खेळे पुन्हा आमच्या अंगणात बसले. गणूतात्या थकलेत, चाळ बांधताना श्वास लागतो त्यांना, पण नेम तो नेम. विहिरीजवळचं आमचं कलम दोन वर्षं फळत नाही. त्याला जागवायचं ठरलं. बाबांनी होकार दिला. झाडामागे कोण, यावर फार बोलणं झालंच नाही, कारण सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं. शेजारच्या बनेकरांची प्रणालीवहिनी. लग्नाला दोन वर्षं झाली, आणि गेल्या श्रावणात तिचं राहिलेलं गेलं.

आज दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. आई खोबरं खवत होती. वहिनीने पायाच्या बोटातलं जोडवं फिरवत हळूच विचारलं, की किती मोठ्याने म्हणावं लागतं. आईने खवणीवरून हात उचलला नाही. म्हणाली, ऐकू गेलं म्हणजे झालं.

ती गेल्यावर मी पडवीत आले. बाबा पायरीवर बसून कुऱ्हाडीला धार लावत होते. आई त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. काका खाली बागेत होता, खराट्याचा आवाज इथपर्यंत येत होता, एका लयीत, आणि मग एका ठिकाणी थांबून पुढून सुरू. बाबाही तो आवाज ऐकत होते. थांबला की त्यांचा दगडही थांबायचा.

मी हात मागे बांधले नाहीत. नुसती त्यांच्यासमोर उभी राहिले.

“बाबा, आई, प्रणालीवहिनीला निरोप द्या, तिने यायचं नाही. नेम रिकाम्या ओटीचाच आहे ना? माझीही रिकामीच आहे. उद्या झाडामागे मी उभी राहणार. आणि कुऱ्हाड काकाकडे द्यायची नाही, बाबा. ती तुम्हीच धरायची.”